डाव्या बाजूची मेडलं

खोटं सांगून पार्वतीला काय मिळणार? नवरा तिचाच आहे. हे सगळं दिघाशी गावात घडलं, गेल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला, तेही भर दिवसा.

तिचे थोरले दीर हिरामण फौजेत हवालदार होते. लग्न केलं नव्हतं. सरहद्दीवरच कामी आले, आणि त्यांची मेडलं पार्वतीच्या नवऱ्याकडे, बाळारामकडे आली.

गावच्या शाळेत झेंडावंदनाला बाळारामला मानाचं बोलावणं आलं. गडी नुसता हवेत! कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि छातीवर डाव्या बाजूला भावाची मेडलं.

शेलार गावाहून आलेले एक रिटायर्ड सुभेदार बघतच राहिले.

"बाळाराम, वारसानं उजवीकडं लावायची असतात. डावी बाजू ज्यानं कमावली त्याची."

"तो कुठं आता बघायला येतोय?" बाळाराम हसला.

पार्वतीने त्याची बाही ओढली. "अवो, ऐका ना त्यांचं."

"गप गं. फोटो काढायचा हाय."

राष्ट्रगीत सुरू झालं... आणि बाळारामच्या टाचा खाडकन जुळल्या. देवळात आरतीलाही खांबाला टेकून उभा राहणारा माणूस, ताठ झाला.

राष्ट्रगीत संपलं. लोक बसले.

तो उभाच.

घरी जाताना तो परेडमधल्यासारखा पुढे चालत होता. मागून चालणाऱ्या पार्वतीला फक्त मेडलं एकमेकांवर आपटताना ऐकू येत होती.

टिण्... टिण्...

दुपारी ती ताट वाढत होती. तेवढ्यात उंबऱ्याबाहेर कुणीतरी खाकरलं...

तिचा हात आपोआप पदराकडे गेला.

हिरामण सुट्टीवर आले की असेच खाकरायचे. भावजय पदर सावरून बाजूला झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत.

दारात बाळाराम उभा होता. मान खाली घालून.

"अवो, मस्करी पुरे. या जेवायला."

तो आला नाही...

तिने जाऊन त्याचा हात धरला. चटका बसल्यासारखा तो मागे सरला.

त्या दिवसापासून तो ओट्यावर झोपतो. खुंटीवरच्या सदऱ्यावरून पार्वतीने मेडलं काढली. ती सहज निघाली. तिने ती पेटीत ठेवली, देवापुढे ठेवली, नवीन सदऱ्याला उजवीकडे लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही. भिवंडीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भगताने अंगारा दिला. सुभेदारांनी तर हातच जोडले. "मी सांगितलं व्हतं, पोरी. पुढचं मला ठाव न्हाय."

तो भांडत नाही, शिवी देत नाही. तिला आदराने वागवतो. तो आदरच तिला खातो. घरातल्या घरात नवरा हरवला, तर बाईने शोधायचा कुठे?

परवा संध्याकाळी ती चुलीपाशी होती. ओट्यावरून आवाज आला. आवाज बाळारामचाच होता...

"पार्वती, बाळाराम आला न्हाय अजून? मी जेवायचा थांबलोय."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"येतील," एवढंच ती म्हणाली.

तो वाट बघत बसला. आणि आत तीही.