मोराची उलट बाजू

मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा बांधण्यासाठी मुलांची कवटी उघडण्याचे दिवस सरले होते. मूल वाढते, त्याची धमनी वाढते. धातूची चिमटी मात्र वाढत नाही. म्हणून मुलाच्याच रक्तातून घडवलेल्या ‘विणपेशी’ शिरेतून सोडत. धमनीच्या भिंतीवर जिथे दाब चढे, तिथे त्या चिकटत आणि स्वतःच्या तंतूंचे अस्तर विणत. फुगा फुटायचा राहून जाई. येवल्याच्या हेमांगीची मुलगी तारका आठव्या वर्षी अशीच मरणाच्या उंबरठ्यावरून परतली होती.

हेमांगी पैठणी विणणारी. वीण उलटून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिची पिढीजात खोड. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर देवस्थळींनी पडद्यावर फुगा दाखवला: चंदेरी, घट्ट, निर्दोष. फुग्याच्या पलीकडे काय आहे, असे तिने विचारताच त्यांनी बोलणे तारकाच्या शाळेकडे वळवले. तिने पुन्हा विचारले.

“ताई, चित्र उत्तम आहे. कशाला शंका काढता?”

“आमच्याकडे गिऱ्हाईकसुद्धा पदरावरचा मोर उलटा करून बघतं, डॉक्टर. तुम्ही मला नुसता काठ दाखवताय.”

त्यांनी चित्र वळवले. फुग्यापाशी संपायला हवे होते ते अस्तर धमनीच्या फांद्यांमागून फांद्या ओलांडत मेंदूच्या खोल गाभ्यात शिरले होते.

डॉक्टर सावकाश सांगू लागले. विणपेशींना फुगा कळत नाही, चढता दाब कळतो. राग आला, भय दाटले, की दाब उसळतो. त्या उसळीचा माग काढत पेशी तिच्या उगमापर्यंत, राग-भय उपजतात तिथवर, पोचल्या आणि तिथले रक्त त्यांनी आवळून धरले. इतर मुलांतही असेच दिसले होते. एकाही पालकाने तक्रार केली नव्हती. पोर शहाणे झाले, असेच सगळे म्हणत.

हेमांगीही म्हणाली होती.

अस्तर विरघळवणारे औषध होते. पण ते फुग्यावरचे अस्तरही नेणार होते. महिन्याभरात ठरवायला हवे होते, त्यानंतर वीण कायमची.

“तारकाला विचारू?”

“जरूर विचारा. उत्तर कोण देतंय, ते मात्र मला सांगता यायचं नाही.”

घरी तिने विचारले. तू म्हणशील तसं, असे मागावर बसलेली तारका म्हणाली. सहा दिवस खपून तिने आपला पहिला मोर विणला होता. पूर्वी चुकलेली एक ओळ उसवली, तरी ती आईच्या मनगटाला चावायची. हेमांगीने नखाने एक धागा सोडवला. मग दुसरा. पिसारा गेला, मान गेली. ती मुलीच्या चेहऱ्यावर एखादी दुखरी रेघ शोधत राहिली.

तारकाने सुटलेले धागे रंगांप्रमाणे वेगळे लावले.

“चुकला होता का गं, आई?”

“नाही.”

“बरं,” म्हणत तिने धाग्याची कांडी उचलली.

हेमांगीने आपले मनगट तिच्यासमोर धरले, आणि तसेच धरून ठेवले. तारकाने ते हलकेच बाजूला सारले. उजेड अडत होता.