तीट पुसलेलं पुस्तक

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झालती. युसूफ वडगाव या गावच्या एसटी स्टँडामागं नाथाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात धनश्री कामाला बसलेली, मांडीवर तिची आठ महिन्यांची तेजू. आईबाप ऊस तोडायला गेलेले आणि लेकरं मागं आजीपाशी, अशा बावीस लेकरांच्या फोटोंचं मोबाइलवरचं पुस्तक उसाच्या फडावर धाडायचं होतं. शेवटचं पान तेजूचं. तिचा बापही फडावरच होता.

"वैनी, चाळीस एमबी झालंय. फडावर रेंज धड न्हाई. पाचाच्या आत बसवा."

"चेहरे पुसट व्हतील की, भाऊजी."

"आई वळखती आपलं लेकरू. दाबा तुमी," म्हणत नाथा जेवायला गेला.

तिनं फोटो दाबले. अठरा एमबी. पुन्हा दाबले. अकरा. लेकरांचे गाल चौकोन-चौकोन झाले, काजळाच्या तीटा विरून गेल्या. तिच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण ती बघत होती लेकरांमागची दारं. दर दारात एक बाई उभी होती. लेकरं पुसट होतील तशी ती लख्ख होत होती... लुगड्याचा काठसुद्धा दिसावा इतकी. दुकानात ओल्या राखेचा वास सुटला.

मूळ फोटोंत दारं रिकामी होती. डोळे शिणले असतील, म्हणून तिनं आणखी एकदा दाबून पुस्तक धाडलं. चार पॉइंट नऊ एमबी.

साडेपाचला फडावरून कडूबाईचा फोन आला. "धना, माझ्या अंगदला कुणी घेतलंय गं कडेवर?"

"कुणी न्हाई..."

"पहिल्याच पानावर हाय की! आन् तीट कावून लावली न्हाई? बिनतीटाचं लेकरू गावाला दावतेत व्हय?"

त्या रात्री अंगदला ताप भरला. सकाळी तो आजीला ओळखेना; दाराकडं बघून हसायचा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावरचं लेकरू. मग तिसऱ्या पानावरचं.

धनश्रीनं तेजूचं पान काढून टाकलं. पुस्तक तरी तेवढंच, चार पॉइंट नऊ. उघडलं, की पान जागेवर. तीट असलेलं चाळीस एमबीचं पुस्तक ती रोज धाडते. फडावर ते पोचतच नाही.

आज एकविसावं पान झालं. तेजूच्या कपाळावर सकाळपासून चारदा काजळ लावलं. टिकत नाही. पुसलं म्हणावं, तर बोटालाही लागत नाही.

फडाकडं कुणी निघालं असेल, तर मोठं पुस्तक मेमरी कार्डात घालून न्या. लहान करू नका. एवढं सगळ्या फडांवर सांगा... उद्याच्या आत.