डाव्या गालावरचा कापूस

मोबाइल खिशात ठेवा आधी. वीज गेली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. या, जवळ बसा. भुतं असतात की नसतात हे मला विचारू नका; मामाचं औषधांचं दुकान आहे, मामाला गोळ्या कळतात. पण आमच्या डॉक्टरचं जे झालं ते सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर मामाने थाप मारली म्हणा.

नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात डॉक्टर खालून वाकून आत आला. माझा शाळेपासूनचा मित्र, नसांचा डॉक्टर, दवाखाना माझ्याच दुकानाच्या माडीवर.

"एक कापसाचं पाकीट दे," म्हणाला. "सुताराच्या धाकटीला बघून येतो. डावा गाल बधिर झालाय म्हणते."

"एवढ्या रात्री?"

"डोकं दुखतंय म्हणून रडतेय. पोरीने धसका घेतलाय, दुसरं काय. समजूत घालतो आणि येतो."

पाकीट घेऊनही तो काउंटरपाशीच उभा राहिला. का, ते कळायला थोडं मागचं सांगायला हवं.

सुताराच्या दोन मुली. थोरली बालवाडीत शिकवायची. वर्षभरापूर्वी तीच डॉक्टरकडे आली होती. चहा पिताना हनुवटीवरून ओघळला, पोरं हसली, तेव्हा तिला कळलं की अर्धा चेहरा बधिर आहे. आता मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. कुणी वास आणते, कुणी डोळा फिरवते, कुणी घास गिळायला लावते. पाचवी स्पर्श सांगते. तिच्या तीन फांद्या: एक कपाळाला, एक गालाला, एक हनुवटीला. तपासायची रीत सोपी आहे. पेशंटने डोळे मिटायचे, डॉक्टरने कापसाचं टोक हळूच टेकवायचं, लागलं की पेशंटने 'हो' म्हणायचं.

पण आमचा डॉक्टर पडला अतिशहाणा. कुणी सोंग करतंय असा संशय आला, की म्हणायचा, "लागलं तर हो म्हणा, नाही लागलं तर नाही म्हणा." आता विचार करा. डोळे मिटलेत, गालाला काही लागतही नाही, मग 'नाही' नेमकं कधी म्हणायचं ते कळणार कसं? सोंगाड्या मात्र कापूस टेकला रे टेकला, की "नाही" म्हणतो. सापडला!

थोरली असंच म्हणाली. कापूस टेकला, "नाही." पुन्हा टेकला, "नाही."

डॉक्टर मनात हसला. बाहेर येऊन सुताराला म्हणाला, "सुतारदादा, नस ठणठणीत आहे. मुलीच्या मनात काहीतरी आहे, तिच्याशी गोडीने बोला." शेवटची परीक्षा त्याने केलीच नाही. डोळ्याच्या बुबुळाला कापूस टेकवायचा. पाचवी नस वर्दी देते, सातवी पापणी मिटते. माणूस तोंडाने खोटं बोलेल, पण पापणीला खोटं बोलता येत नाही. ती न करताच त्याने मुलीला ताकदीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

दीड महिन्यात थोरली गेली. त्या नसेवर लिंबाएवढी गाठ होती.

बातमी आली त्या संध्याकाळी डॉक्टर माझ्या काउंटरपाशी उभा होता. पाण्याचा ग्लास घ्यायला त्याने हात उचलला. साखळीच्या पट्ट्याचं घड्याळ घालायचा तो, पट्टा सैल होता. खण्ण असा वाजला. आणि तो तसाच थिजला.

"हात उचलला की हे वाजतं रे," तो म्हणाला. "ती आवाजाला उत्तर देत होती. तिला खरंच काही लागत नव्हतं."

घड्याळ काढून त्याने माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. मी कुलूप लावलं. सुताराला मात्र तो हे कधीच सांगू शकला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आजही येतो.

तर, तो गुरुवार. पाण्याच्या टाकीपुढचा रस्ता खणलेला होता, म्हणून त्याने गाडी अलीकडेच लावली आणि बॅटरी घेऊन चालत निघाला. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. सुतार दारातच उभा होता.

"थोरलीचंच सगळं बोलतेय बघा," सुतार म्हणाला. "गाठ म्हणजे काय साथीचा रोग आहे का, हिला लागायला? तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

डॉक्टरलाही तेच हवं होतं. दुसऱ्यांदा तीच गाठ निघावी, हे त्याला सोसणारं नव्हतं. धसका असावा. धसकाच असावा.

धाकटी खुर्चीत बसली होती, डोकं दोन्ही हातांत धरून. विशीची पोर. सुतार पाणी आणायला आत गेला. डॉक्टरने दार लोटलं, कापूस पिळून टोक काढलं.

"डोळे मीट, बाळा. लागलं की हो म्हण."

उजवं कपाळ. "हो." उजवा गाल. "हो." हनुवटी. "हो."

मग तो डावीकडे वळला. कपाळाला कापूस टेकवला. ती गप्प. गालाला टेकवला. गप्पच. आणि सवय जाईल कुठे? त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाही लागलं तर नाही म्हण."

म्हटलं, आणि त्याचं त्यालाच आठवलं. हात हवेतच थांबला. तिच्या चेहऱ्यापासून चांगला वीतभर लांब.

खण्ण.

"नाही," धाकटी म्हणाली.

डॉक्टरने आपल्या मनगटाकडे पाहिलं. मनगट उघडं होतं. घड्याळ इथे होतं… माझ्या ड्रॉवरमध्ये.

त्याने हात मागे घेतला. पाठीमागे नेला. घट्ट मूठ वळली.

खण्ण.

"नाही."

या वेळी त्याने पाहिलं. तिच्या डाव्या गालावर… कातडी जराशी आत दबली. बोट टेकल्यावर दबते तेवढीच. मग सुटली.

खण्ण. हनुवटी दबली.

"नाही… डॉक्टरकाका, किती वेळ?"

खोलीत ती दोघंच. दार बंद. आत सुतार भांडं विसळत होता, तो आवाज फार लांबून येत होता.

मग काहीच झालं नाही. नुसती शांतता. कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.

आणि तिच्या डाव्या डोळ्याची पापणी वर गेली.

एकच. उजवा डोळा मिटलेलाच. आम्ही डॉक्टर लोक अंगठ्याने पापणी उचलतो ना, असं तो मला म्हणाला, तशी. हळू. पूर्ण वर. आणि तशीच धरून ठेवलेली.

"तू उघडलास का डोळा?" त्याने कसंबसं विचारलं.

"नाही, काका. मिटलेत ना."

डोळा उघडा. पापणी हलत नाही. ते… जे काही होतं ते… थांबलं होतं. त्याच्यासाठी.

त्याने कापूस पुढे नेला. बाजूने नेला. बुबुळाला टेकवला.

पापणी लवली नाही.

पुन्हा टेकवला. नाही.

त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या डाव्या गालाला काहीतरी लागलं. हलकं. गार. गालावरून वर सरकलं… डोळ्याकडे… आणि मग लागायचं बंद झालं.

तो किंचाळला. "सुतारदादा! गाडीत घाला हिला! आत्ताच्या आत्ता!"

घाबरू नकोस गं चिमणे, ती पोर वाचली. आधीच सांगतो, नाहीतर तू मधेच रडशील. त्या रात्रीच मोठ्या इस्पितळात नेलं, गाठ निघाली, बोराएवढी होती, सकाळी काढली. घरात एकीला झाली तर दुसरीलाही होऊ शकते अशी ती जात होती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डावा चेहरा आजही बधिर आहे तिचा, पण ती आहे. गाडीतून जाताना ती डॉक्टरला एवढंच म्हणाली, "काका, तुमच्या घड्याळाचा आवाज येतो. ताईपण म्हणायची." आणि डॉक्टरने गाडी चालवता चालवता सुताराला सगळं सांगून टाकलं. सुतार पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

मला हे कुणी सांगितलं? डॉक्टरनेच. दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. मी नुकताच दुकानात दिवा लावला होता. तो आला तो तसाच स्टुलावर बसला. रंग उडालेला. सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसं. मी आधी ड्रॉवर उघडून पाहिला. कुलूप होतं तसं होतं, घड्याळही होतं.

"ते राहू दे," कालचं कापसाचं पाकीट पुढे करत तो म्हणाला. "हात धू. त्याच पाकिटातला कापूस घे, टोक काढ, आणि माझ्या डोळ्याला टेकव. उजवा आधी."

मी हात धुतले. त्याला डावीकडे बघायला सांगितलं आणि बाजूने कापूस नेला. उजव्या बुबुळाला टेकतो न टेकतो, फटकन पापणी मिटली. पाणी आलं डोळ्यात. मला जरा हायसं वाटलं.

मग डावा. तो उजवीकडे बघत बसला. शांत. मी वाकलो.

"लाव की," तो म्हणाला.

मी आणखी जवळून पाहिलं.

"अरे, लाव ना. थांबलास कशाला?"

"लावलाय," मी म्हणालो. "केव्हाचा लावलाय… अजून तिथेच आहे."