पायांनी पाहिलेलं गाव

केंद्राच्या मोठ्या दालनात एकही खुर्ची नव्हती. बारा अंध माणसं तिथे एकाच वेळी चालत होती. कुणी नसलेला जिना चढत होतं, कुणी नसलेली फांदी बाजूला सारत होतं. दिगंबर तोरसकर मात्र किंचित वाकून, एक हात खाली सोडून, अगदी सावकाश पावलं टाकत होते.

काचेमागे त्यांची पत्नी शालनताई उभी होती. ती शेजारच्या डॉक्टरांकडे वळली.

"डॉक्टर, हे कुणाला धरून चालताहेत?"

डॉ. गार्गी मोहोळकरांनी दिगंबरांच्या खाली सोडलेल्या हाताकडे पाहिलं. 'पदचित्र' हा उपचार त्यांनीच शोधला होता. मेंदूत जागेचा नकाशा सांभाळणाऱ्या पेशी असतात. माणूस चालला, वळला की त्या जाग्या होतात. पदचित्राचे बूट प्रत्येक पाऊल टिपत असत आणि कपाळावरची पट्टी त्याचे सौम्य स्पंद त्या पेशींपर्यंत पोचवत असे. नुसतं बसून कल्पना केली की चित्र धूसर असायचं. चालू लागलं की मनातली जागा लख्ख दिसायची.

दिगंबर मोजणी खात्यात सर्व्हेअर होते. एका खाणीची मोजणी करताना सुरुंग उडाला आणि त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. पदचित्राने त्यांना उठवलं. त्यांनी मनात एक डोंगर रचला, डोंगरावर गाव वसवलं. "आज ओढ्यावर साकव घातला, चौदा पावलांचा," असं ते घरी येऊन सांगायचे, तेव्हा शालनताईला भरून यायचं.

"त्यांच्या मनातल्या मुलीला, रेवूला," डॉक्टर म्हणाल्या. "तीन महिने झाले. तुम्हाला बोलले नाहीत?"

शालनताईने काचेवर हात टेकला. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांना सातव्या महिन्यात मुलगी झाली होती. ती दोन तास जगली. नाव ठेवायलाही सवड मिळाली नव्हती.

"पण त्यांना कळतंय ना, की हे खरं नाही?"

"आज कळतंय. आपण मनात काही उभं केलं, तर आपले डोळे ते लगेच खोडून टाकतात. यांच्याकडे खोडणारं कुणी नाही, ताई. त्याचीच मला धास्ती वाटते."

ती धास्ती आठवड्यात खरी ठरली. भाजी घेऊन दोघं परतत होती. दिगंबरांच्या पायात साध्या चपला होत्या, कपाळावर पट्टी नव्हती. अचानक ते ओरडले, "रेवू, पडशील!" आणि शालनताईचा हात झटकून रस्त्यात धावले. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. बंपर त्यांच्या गुडघ्याला लागून थांबला.

उपचार थांबवायला नातेवाइकाची सही लागत होती. शालनताईने दोन दिवस कागदाला हात लावला नाही.

"सही करू नकोस," दिगंबर म्हणाले. "मी रस्त्यावर जाणार नाही. घरातसुद्धा तुला विचारून उठेन."

"अहो, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत का?"

त्यांनी तिचा हात चाचपून धरला. मग हळूच म्हणाले, "तिची जिवणी तुझ्यासारखी आहे."

शालनताई स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन तिने सही केली.

बूट आणि पट्टी केंद्रात जमा झाली. मेंदू शांत करणारी गोळी सुरू झाली. चौथ्या दिवशी डॉक्टर घरी आल्या. दिगंबर खिडकीजवळ बसले होते, पाय जमिनीवर घट्ट रोवून.

"आता चित्र दिसतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही बंद केलंत, तेव्हा आम्ही डोंगराच्या उतारावर होतो. मी तिला म्हटलं होतं, इथेच थांब, मी आलोच." त्यांनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. "डॉक्टर, त्या पेशी पूर्ण थंड व्हायला किती दिवस लागतात?"

"दोन महिने. कदाचित तीन."

दिगंबरांनी मान हलवली. शालनताईने डॉक्टरांकडे पाहिलं.

"म्हणजे तोवर," तिने विचारलं, "ती तिथे एकटीच वाट बघत उभी राहणार?"

त्या डोंगरावर कुणी मुलगी कधी नव्हतीच, हे सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. त्यांच्याच्याने ते बोलवलं नाही.