माईनं पसरलेली माती

आमच्या नव्या कोंढूरमध्ये ज्या खड्ड्याचं सगळे कौतुक करायचे, तोच यंदा वेड्यासारखा वागत होता. पाऊस उघडून आठवडा झाला तरी त्यात हिरवट पाणी तुंबलेलं, वर डास घोंगावणारे आणि आतलं वाळ्याचं गवत कुजून पिवळं पडलेलं. त्याहून मोठं कोडं म्हणजे खालच्या तळ्यातले मासे मेले होते. घाण पाणी जर खड्ड्यातच अडून बसलं होतं, तर तळं नासलं कशानं?

हा साधासुधा खड्डा नाही. ती जैवगाळणी (झाडांची मुळं आणि मातीतले जिवाणू यांच्या मदतीनं पाणी गाळणारा खोलगट वाफा) आहे. पावसाचं पाणी रस्त्यांवरून वाहताना तेल, धूळ, शेण सगळं बरोबर घेऊन येतं. ते जैवगाळणीतल्या वाळूच्या मिश्रणातून हळूहळू झिरपतं. घाण वर अडकते, त्यातली बरीचशी जिवाणू खातात आणि तळाच्या खडीत पुरलेल्या, भोकं पाडलेल्या नळीतून नितळ पाणी तळ्याला मिळतं.

ती आखली होती माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी. आबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) आहेत. पण माई, म्हणजे माझी आजी, माघात गेली तेव्हापासून ते खिडकीशी बसून असतात. काही विचारलं की "बघू" म्हणतात आणि काहीच बघत नाहीत. मी त्यांच्या खनपटीलाच बसले, तेव्हा कुठे त्यांनी गोगलगायीला बाहेर काढलं. गोगलगाय हा त्यांचा माती तपासणारा यंत्रमानव, आणि ती चालतेही नावाप्रमाणेच. रखडत रखडत ती काठावर पोचली आणि तिनं पाण्याखालच्या मातीत लांब सुई खुपसली.

"वरचा थर काळ्या चिकणमातीचा," ती म्हणाली. "आराखड्यात नाही. पाणी अडवतो. काढून टाका."

आबांनी तिचं बटण बंद केलं आणि ते घरी निघाले. मला गोगलगायीचा भयंकर राग आला. ती माती कुणाची, हे तिला काय ठाऊक?

धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा जुन्या कोंढूरमधलं प्रत्येक घर आपल्या शेतातली माती बांधून घेऊन इथं आलं. जैवगाळणी नुकतीच भरून झाली होती. नुसत्या वाळूत काय रुजणार, असं माईला वाटलं. तिनं आपल्या पदरातली माती तिथं पसरली आणि तिचं बघून गावानं पाट्याच्या पाट्या ओतल्या. आमच्या लोकांच्या लेखी चांगली माती म्हणजे काळी माती. आबांना चूक कळत होती. पण गाव बुडालं त्या दिवशी बायकोला "माती उचल" असं कोण म्हणेल?

संध्याकाळी आबांनी दोन बाटल्यांची बुडं कापली आणि तोंडाला फडकं बांधून त्या उलट्या टांगल्या. एकीत वाळूचं मिश्रण भरलं, दुसरीत त्याच मिश्रणावर चार बोटं काळी माती घातली. दोन्हींत गढूळ पाणी ओतलं. पहिलीतून नितळ थेंब पडू लागले. दुसरीत पाणी वरच थांबलं.

चिकणमातीचे कण फार बारीक आणि चपटे असतात, आबा समजावू लागले. पाणी पिऊन ते फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. शेतात हा तिचा गुण, कारण ती ओल धरून ठेवते. इथं मात्र मुळं गुदमरतात. इतकी वर्षं मुळांनी पाडलेल्या वाटांतून पाणी कसंबसं जिरत होतं, यंदा त्याही गाळानं बुजल्या. खड्डा आधीच भरलेला, त्यामुळे नवी सर आली की सगळं पाणी अतिवृष्टीसाठी ठेवलेल्या उंच नळीतून न गाळताच तळ्यात पडतं. कोडं सुटलं, पण मला जराही आनंद झाला नाही.

गावसभेत आबांनी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या हौसाकाकू उभ्या राहिल्या. "एकदा धरणानं बुडवलं आमास्नी," त्या म्हणाल्या. "आता उरलंसुरलं तुमी उकरून टाकणार व्हय, आबा?"

आबा हौसाकाकूंजवळ गेले. मग म्हणाले, "टाकणार नाही, हौसा. वरच्या माळावर सगळ्यांचं मिळून एक शेत करू, तिथं ठेवू. पण तळं मरतंय, ते मला बघवत नाही. माईनं पसरलेली माती मी स्वतः काढीन."

हिवाळ्यात पाणी उपसून काम सुरू झालं. यंत्रं काठावरच उभी केली, कारण त्यांच्या वजनानं वाळू दाबली गेली असती तर पुन्हा तेच झालं असतं. पहिलं फावडं आबांनी मारलं. लोक घमेली घेऊन आपापली माती शोधायला उतरले. हौसाकाकू गुडघ्यांवर बसून ढेकळं हातात घेऊन बघत होत्या. पण इतक्या वर्षांत सगळी माती एक झाली होती. कुणालाच आपली ओळखता येईना, आबांनाही नाही. 

माती माळावर गेली. चिखलानं बुजलेली वरची वाळू काढून नवं मिश्रण भरलं आणि वाळा पुन्हा लावला. पुढच्या पावसाळ्यात सकाळी मोठी सर आली. जैवगाळणी काठोकाठ भरली आणि दिवस मावळायच्या आत सगळं पाणी जिरलं. तळ्यात पुन्हा मासे सोडायचं ठरलं. मोठेपणी मातीचंच शिकायचं, हे मीही ठरवून टाकलं.

आबा तळाच्या नळीच्या तोंडाशी वाकले आणि त्यांनी ओंजळीत पाणी धरलं. ते इतकं नितळ होतं, की त्यांच्या हातांवरच्या रेषा दिसत होत्या.

"आज माई असती तर माझ्याशी बोलली नसती," ते म्हणाले. "दोन दिवस तरी नाही. मग मला न सांगता येऊन हे पाणी बघून गेली असती."

 मी त्यांना बिलगून उभी राहिले. माई गेल्यापासून आबा पहिल्यांदाच रडत होते.