अ फ्यू डब्या

साहेब, फाटकाजवळच्या फळ्यावर तुम्ही एक अक्षर गाळलंत, त्याबद्दल कुणाचंच भांडण नाही. इंग्रजी काही तुमच्याही बापाची भाषा नव्हती. पण दोन माणसांचा संसार तुम्ही मांडण्याआधीच उधळलात, आणि वर म्हणालात, "नियम आहे." कसा उधळलात ते ऐका. मध्ये बोलायचं नाही.

साल छप्पन. दापोडीच्या पुढं, मुंबईच्या रस्त्याला लागून तुमचा मलमाचा कारखाना. डब्या भरणाऱ्या पोरींच्या अंगाला कापराचा आणि निलगिरीचा असा वास, की नळावर पाणी भरायला गेल्या तरी बाया म्हणायच्या, "आल्या गं मलमवाल्या."

सुमन त्यांतलीच एक. माणसं मूळची मोशीची. बाप गेला, वाट्यानं केलेलं रान गेलं, आणि सगळी दापोडीला रेल्वेच्या कडेच्या चाळीत आली. थोरला भाऊ हिंदुराव छातीच्या दुखण्यानं औंधच्या दवाखान्यात पडलेला. घरात आई सोजराबाई, वहिनी, वहिनीची दोन लेकरं. चूल पेटायची ती एकट्या सुमनच्या हातांवर.

पौषातली दुपार. जेवणाची सुट्टी. सुमन फळ्यासमोरून चालली होती, तर एक सावळा, उंच तरुण फळा वाचून एकटाच हसत उभा.

"येड लागलं काय वं?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"मला नाही, साहेबाला." तो वळला… आणि हसू अर्धंच राहिलं. "ऑफिसात कारकुनाच्या काही जागा आहेत असं सांगायचंय, आणि लिहिलंय 'फ्यू पोस्ट्स'. म्हणजे जागा जवळजवळ नाहीतच!"

"मग काय लिवायचं हुतं?"

"'अ फ्यू'."

"येवढ्याशा 'अ'नं काय हुतंय?"

"एवढ्याशा 'अ'नं…" तो तिच्याकडे बघत राहिला. "नसलेलं असल्यासारखं होतं."

तिनं पदर सावरला. सावरायचं काही कारण नव्हतं.

तो ज्योतीराम. कराडकडचा, मॅट्रिक झालेला, तुमच्याच स्टोअरमधला कारकून. सुमनची सातवी झाली होती, पण इंग्रजीच्या नावानं पाटी कोरी. दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेरच्या चिंचेखाली शाळा भरली. फळा म्हणजे डब्यांच्या वेष्टनांची कोरी बाजू, आणि खडू म्हणजे त्याच्या कानावरची पेन्सिल.

त्यानं तीन डब्या मांडल्या. "अ फ्यू टिन्स. थोड्याशा आहेत, काम भागेल." डब्यांना हातही न लावता पुन्हा म्हणाला, "फ्यू टिन्स. थोड्याच आहेत, भागायचं नाही."

"डब्या तर तेवढ्याच. मग बदललं काय?"

"बघणाराचं मन."

मग बोटाच्या टोकावर मलम घेऊन 'अ लिटल बाम' झालं. 'अ डझन' झालं, 'अ लॉट ऑफ' झालं. डब्या मोजता येतात म्हणून 'फ्यू', मलम मोजता येत नाही म्हणून 'लिटल', हे तिला एका दिवसात कळलं. आयुष्यभर तिनं दुसरं केलं काय होतं? थोडं आहे की थोडंच आहे, हेच रोज सकाळी पिठाच्या डब्यात बघितलं होतं.

"मास्तर, तुमच्या डब्यात भाकरी किती हायत?" एकदा तिनं विचारलं.

"अ फ्यू."

"आन् कालवण?"

"लिटल." 'अ' त्यानं मुद्दामच गाळला.

दुसऱ्या दिवशी तिच्या फडक्यात पिठल्याची वाटी जास्तीची होती. शेजारी बसणारी परवीन हे सगळं बघत होतीच. "ओ मास्तर, आमचं नाव नाही का हजेरीत? की एकाच पोरीची शाळा आहे ही?"

"तुला येतंय की सगळं," सुमन म्हणाली.

"मला येतंय गं. तुला काय येतंय ते दिसतंय मला… गालावर!"

आता तुमचा नियम, साहेब. डब्या भरणाऱ्या मुलीचं लग्न झालं, की त्याच दिवशी काम बंद. म्हणूनच ज्योतीरामनं इंग्रजीचा एवढा घाट घातला होता. हा नियम फक्त डब्यांवरच्या मुलींना, ऑफिसातल्या बायकांना नाही, असा त्याचा पक्का समज. टेलिफोनवर मिसेस पिंटो बसत होत्याच ना! मिसेस म्हणजे लग्न झालेली, एवढं तर कुणालाही कळतं.

"कारकुनाच्या जागेची परीक्षा पास झालात की…" चिंचेचं पान चुरगाळत तो म्हणाला.

"झाले की काय?"

"…की आईला कराडहून बोलावून घेईन."

"कशाला? मलम लावायला?"

"नाही. कुंकू लावायला."

तिनं खाली बघितलं. तीन डब्या तशाच होत्या. बघणारीचं मन तेवढं बदललं होतं.

कराडची आई परीक्षेपर्यंत थांबली नाही. चैत्रातच आली, कुंकू लावलं, आणि सुमनच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. लग्न वैशाखात ठरलं. परीक्षेच्या सकाळी परवीननं तिचं मनगट धरलं. "उतरव गं आजच्यापुरत्या. साहेबाची नजर वाईट आहे."

पण सोजराबाईंनी आधीच बजावलं होतं, "सासरची बांगडी हाय ती. लगीन होस्तवर उतरायची न्हाई. आपल्यात इपरीत मानत्यात." आणि ज्योतीराम म्हणाला होता, "राहू दे. कारकुनांना कुठाय नियम? शोभतात तुला." पहिल्यांदाच तो 'तुला' म्हणाला होता. मग कशाला उतरवील ती?

तिचा पेपर तुम्ही स्वतः वाचलात, साहेब. म्हणालात, "अठ्ठावीस जणांत एकही 'अ' न चुकलेली तूच." ती हसली. हसताना हात हलला. बांगड्या वाजल्या.

"लग्न?"

"वैशाखात हाय जी."

तुम्ही पेपर उलटा ठेवलात. "नियम सगळ्या बायकांना आहे."

"पर… मिसेस पिंटो?"

"त्या विधवा आहेत."

म्हणजे नवरा मेलेला असला तर कंपनीला चालतो. जिवंत असला तर चालत नाही. लग्न करणार नाही असं लिहून दिलं तर सोमवारपासून कारकुनाची खुर्ची, नाहीतर वैशाखात डब्यांवरचं कामही बंद. हे तुम्ही चहा ढवळत सांगितलंत.

संध्याकाळी चिंचेखाली ज्योतीराम खांबासारखा उभा होता. "मीच म्हटलं राहू दे… मीच!"

"तुमी म्हनला नसता, तरी कधी ना कधी कळालंच असतं."

"मी ओढीन दोन्ही घरं."

"तुमच्या दोन भनी लग्नाच्या. माझा भाऊ खाटेवर. एका पगारात कुनाकुनाला ओढाल?"

"मग थांबू. हिंदुराव बरा होईपर्यंत."

"डाक्टर म्हनतो, वरसं लागतील. तुमची आई थांबंल?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. रस्त्यावरून एक मोटार गेली, धूळ उडाली, खाली बसली.

सुमननं ओच्यातून एक डबी काढली. बोटभर मलम मनगटाला चोळलं. मग एकेक बांगडी हलकेच सरकवत उतरवली. एकही फुटू दिली नाही. ज्या वेष्टनावर त्यानं तिला पहिलं 'अ फ्यू' लिहून दिलं होतं, त्यातच बारा बांगड्या गुंडाळून त्याच्या हातात ठेवल्या.

"सुमन… रडतीयस?"

"न्हाई वं. मलम लागलं डोळ्याला."

सोमवारी ती खुर्चीवर बसली. पावसाळ्याआधी ज्योतीराम नोकरी सोडून कराडला गेला. जाताना फळ्याशी थांबला होता, परवीननं बघितलं. 'फ्यू'च्या अलीकडे कुणीतरी खडूनं 'अ' लिहून ठेवला होता. अक्षर सुमनचं होतं. तो हसला नाही.

हिंदुराव बरा होऊन आला तोवर सात वर्षं गेली होती. कराडला ज्योतीरामची मुलगी शाळेत जात होती.

तर साहेब, लग्न दोघांचं ठरलं होतं. एकाच कारखान्यात, एकाच फाटकातून दोघं आत येत होते. तिच्या मनगटावर काय आहे ते तुम्ही बघितलंत. त्याच्या मनगटाकडे एकदा तरी बघितलंत का? त्याला विचारलंत का, की लग्न करतोयस, मग नोकरी सोडतोस? नाही विचारलंत. का नाही विचारलंत?

मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा, चार अक्षरं गाळून सांगा. पण उत्तर द्या.