वरच्या घड्याळाची रजा

जयवंत दोन मिनिटांत परत यायचा होता. आता दहा तास होत आले होते.

सुनेत्रा खिडकीशी उभी होती. बाहेर नवधरा हा तिचा ग्रह आपल्या सूर्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता, तोही नुसत्या डोळ्यांना दिसेल असा. वीस मिनिटांत एक फेरी, म्हणजे तिथलं एक वर्ष. येऊन पाच दिवस झाले, तरी ते पाहताना तिचा श्वास रोखला जाई. त्या निळसर ठिपक्यावर एका फेरीत पेरण्या होत, पिकं निघत, पाळण्यातली मुलं चालू लागत. आणि इथे तिच्या हातातला चहा अजून निवलेला नसे.

हे ठाणं एका प्रचंड कृष्णविवराच्या अगदी कडेला होतं. म्हणून त्याचं नाव ‘काठ’. गुरुत्वाकर्षण जितकं जबर, तितका काळ सावकाश चालतो. घड्याळं बिघडतात असं नाही, काळच मंदावतो. काठवरचे लोक त्याला मंदकाल म्हणत. मंदकालात राहणाऱ्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. डाळ तेवढ्याच वेळात शिजते, झोप तेवढीच येते. फक्त वर पाहिलं की कळतं, आपल्या एका तासात तिथली तीन वर्षं गेली.

वसाहतीचा रजेचा कायदा तसा चांगला होता. मालकाने वर्षाला एक महिना भरपगारी रजा द्यायचीच. ती विकत घ्यायची नाही, बुडवायची नाही, आणि रजेवर गेलेल्याला मध्येच कामावर घ्यायचं नाही. पूर्वी मालक लग्नाच्या मांडवातून माणसं उठवून नेत, म्हणून हे शेवटचं कलम आलं. काठवर नवरा-बायको दोघंच. एकाने हजर असलंच पाहिजे, त्यामुळे रजा पाळीपाळीने. सुरुवातीला दोघं म्हणाले होते, "आत्ताच तर आलोय, कसली रजा? साठू दे." आज सकाळी मात्र जयवंत उठला. "महिनाभर जाऊन येतो. तुझ्या हिशेबाने दोन मिनिटं. चहा टाकून ठेव."

दार उघडलं. आत आलेल्या माणसाचे केस पांढरे होते आणि तो भिंतीला धरून चालत होता.

"अहो..." तिच्या तोंडून निघालं.

"अहो कधीपासून झालो गं मी?" तो हसला. हसणं जयवंतचंच होतं.

"तू महिना मागितला होतास ना?"

"महिनाच मागितला. कचेरीतली मुलगी म्हणाली, दादा, तुमची तीस वर्षं साठलीत."

"पाच दिवसांत?"

"आपले पाच दिवस, त्यांची तीनशे साठ वर्षं. कायदा वरच्या घड्याळाने चालतो. साठलेली रजा सलग घ्यायची आणि सुरू झाली की मोडायची नाही. तू काळाची एवढी जाणकार आणि मी यंत्रं दुरुस्त करणारा. पण नियम दोघांनीही वाचले नव्हते. मी खटला भरला. हरलो. न्यायाधीश म्हणाले, हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

"निरोप तरी पाठवायचास!"

"रोज पाठवत होतो."

दिवसभर वरचे निरोप पकडणाऱ्या ग्राहकयंत्रातून डासासारखी गुणगुण येत होती. बिघाड समजून तिने त्यावर दोन चापट्या मारल्या होत्या. तीस वर्षांचं बोलणं त्या गुणगुणीत मावलं होतं.

ती त्याच्या हातावरच्या शिरा पाहू लागली. मग विचारलं, "कोणी होतं का तिथे?"

"होती." त्याने नजर चुकवली नाही. "दहा वर्षं झाली तिला जाऊन. तुझ्याबद्दल सगळं ठाऊक होतं तिला."

सुनेत्राला राग यायला हवा होता. पण सकाळी चहा टाकायला सांगून गेलेल्या माणसावर रागवायचं, की तीस वर्षं जगून आलेल्या या अनोळखी म्हाताऱ्यावर, हे तिला ठरवता येईना.

"मी हजर झालो, आता पाळी तुझी," तो म्हणाला. "सुरू व्हायच्या आधी रजा नाकारता येते, मी विचारून आलोय. नाकारलीस तर आपण इथेच राहू. तू चौतिशीची, मी पासष्टीचा. असतील नसतील ती वर्षं तुझी."

"आणि घेतली तर?"

"तर माझ्याएवढी होऊन येशील." त्याने खिडकीकडे बोट केलं. "सुनेत्रा, आपण निघालो तेव्हा तिथे नुसता खडक होता, काचेखाली पिकवायचे. आता रानं आहेत. पाऊस पडायच्या आधी तासभर रानातून आवाज येतो. मला तो सांगता येत नाही. तीस वर्षं ऐकलाय, तरी नाही सांगता येत."

ठिपक्याची एक फेरी पूर्ण झाली. तिकडे आणखी एक पावसाळा होऊन गेला.

"तू म्हातारा झालास हे मला दिसतंय," ती हळूच म्हणाली. "पण कसा झालास, हे इथे बसून मला कधीच कळणार नाही." ती उठली आणि प्रवासाचा अंगरखा चढवू लागली.

त्याने तिच्या गळ्याशी बंद नीट लावले.

"पहाटे जेवायला येशील ना?"

"येईन. काय करतोस?"

"खिचडी. मऊच करतो. तोवर दोघांचेही दात गेलेले असतील."

ती हसली, दार लागलं आणि यान वर निघालं. खाली जयवंत आता डाळ-तांदूळ भिजत घालत असेल. ते भिजून निथळेपर्यंत आपण चाळिशीला आलेलो असू, हे तिच्या ध्यानात आलं. आणि ज्यांना अजून ती भेटलीही नव्हती, अशी किती माणसं तोवर आपली होऊन बसतील, याचा अंदाज तिला कुठल्याच गणिताने येईना.